भिंतीतली बोलाचाली

घराच्या भिंतीत नेमक्या किती तारा आहेत हे मालकाला एक तर रंगकाम काढल्यावर कळतं, नाहीतर उंदीर शिरल्यावर. एरवी माणूस बटण दाबतो, दिवा लागतो, आणि भिंत ही कॅलेंडर टांगायची जागा आहे या समजुतीत सुखाने आयुष्य काढतो.

आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. कोथरूडला राहतो म्हटलं की पेठेतले नातेवाईक ‘एवढ्या लांब?’ म्हणून हळहळायचे, त्या काळातली. बिल्डरने विजेच्या तारा भिंतीतून घालून दिल्या. घराला याखेरीज आणखी कसली तार लागेल ही शंका त्यालाही आली नाही आणि आम्हालाही. मग टेलिफोन आला. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की फोन आल्यावर कुणाला करायचा, हेच आठवेना. लाइनमनने खिडकीच्या चौकटीला भोक पाडून तार आत घेतली आणि आम्ही त्याला पोहे खायला घातले. आपल्या चौकटीला भोक पाडणाऱ्याला पोहे घालावेत, असा तो काळ होता. १९९१ साली आखाती युद्ध झालं, ते लोकांनी टीव्हीवर बसून पाहिलं, आणि पुढच्या काही वर्षांत गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या. केबलवाल्याचा पोरगा पॅरापेटवरून मांजराच्या सफाईने चालत आला आणि त्याने चौकटीला दुसरं भोक पाडलं. त्याला पोहे मिळाले नाहीत. नंतर डीटीएचची छत्री, मग चिरंजीवांच्या कॉम्प्युटरची निळी लॅन वायर, आणि परवापरवा शेवयांइतकी बारीक फायबर. ‘काका, याला वाकवायचं नाही हं,’ असं बजावून त्या मुलाने ती दाराच्या कोपऱ्यात काटकोनात वाकवली आणि तो निघून गेला.

यातली नवी तार आली म्हणून जुनी कुणी काढली नाही. ‘लागेल कधीतरी’ हे आमच्या घराचं बोधवाक्य आहे. रिकाम्या बरण्या, गिफ्टचे कागद आणि मेलेल्या तारा आमच्याकडे सारख्याच इतमामाने राहतात. तर अशा पाच पिढ्यांच्या तारा भिंतीत नांदत असताना मागच्या बेडरूममध्ये इंटरनेट पोचत नव्हतं.

वाय-फायचा राउटर आमच्या दाराशी आहे. तो तिथे असण्याचं तांत्रिक कारण एवढंच की फायबरवाल्याची तार तिथवर पुरली. तिथून मागच्या खोलीपर्यंत दोन भिंती, स्वयंपाकघराच्या टाइल्स आणि आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट आहे. रेडिओलहरी विटांतून रडतखडत जातात, पत्र्यातून जात नाहीत. राउटर दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंती ओलांडते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन, आणि आमच्या जिन्यावर बिऱ्हाडं सोळा. सगळ्यांचे राउटर त्या तीन चॅनेलांत कोंबलेले. ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीत ऐसपैस जागा आहे, पण ती दुसऱ्या भिंतीपाशी दमते. त्यामुळे सूनबाईंच्या ऑफिसची मीटिंग सुरू झाली की मागच्या खोलीतून ‘माझा आवाज येतोय का?’ हे वाक्य यायचं. आम्हाला हॉलमध्ये स्पष्ट ऐकू यायचं. ज्यांना ऐकू जायला हवं होतं ते बंगळुरूला होते.

घरात रिपीटर आणून झाला. एकाच चॅनेलवर चालणारा रिपीटर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा सांगतो, म्हणजे वेळ दुप्पट आणि वेग निम्मा. आमच्या नात्यात एक मावशी असंच करायच्या, पण त्या निदान मजकुरात भर घालायच्या.

खरा उपाय सरळ होता. हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढायची. वायरमन आला, त्याने विजेच्या पाइपात स्प्रिंग घालून पाहिली. ती अर्ध्यावर अडली. पाइपात जागाच नव्हती. शिवाय विजेच्या तारांबरोबर एकाच पाइपात लॅन घालू नये हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. म्हणजे भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी. यावर गृहखात्याचा निर्णय तत्काळ आला. ‘नुकताच रंग दिलाय. भिंतीवरून पट्टी फिरलेली मला चालणार नाही.’ हा ‘नुकताच’ करोनाच्या आधीचा होता, पण अपील कुठे करणार?

तेव्हा भाचा म्हणाला, ‘मामा, विजेच्या तारेतूनच नेऊ या की इंटरनेट. तसे अडॅप्टर मिळतात. एक इथल्या प्लगात, एक तिथल्या.’

त्याने हे मला समजुतीच्या स्वरात सांगितलं. म्हाताऱ्याला हे झेपेल का, अशी काळजी त्याच्या चेहऱ्यावर होती. आता त्याला काय सांगावं? मी सगळी नोकरी बोर्डात केली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण आमच्या वयाची माणसं अजून ‘बोर्डात होतो’ असंच म्हणतात. आमच्या १३२ केव्हीच्या सबस्टेशनात दोन फोन होते. एक टेलिफोन खात्याचा. तो पावसाळाभर शोभेला असायचा. दुसरा कॅरिअरचा. तो उचलला की कळव्याच्या लोड डिस्पॅच केंद्राशी बोलता यायचं, आणि ते बोलणं कुठल्याही वेगळ्या तारेतून जात नव्हतं. ज्या तारांतून १३२ हजार व्होल्टांची वीज वाहत होती, त्यांतल्याच एका तारेवर बसून आमचा ‘हॅलो’ डोंगरदऱ्या ओलांडत होता. पॉवर लाइन कॅरिअर म्हणतात त्याला. जगात हे गेल्या शतकाच्या विशीपासून चालू आहे. 

त्यातली युक्ती ऐकायला सोपी आहे. वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. आपला आवाज उचलून काहीशे किलोहर्ट्झवर नेऊन ठेवायचा. दोघांचा मुक्काम इतक्या वेगळ्या मजल्यांवर की जिन्यात गाठ पडत नाही. यार्डात शिरलं की तारेच्या तोंडाशी पिंपाएवढं एक वेटोळं टांगलेलं दिसतं, ते वेव्ह ट्रॅप. सहलीला आलेली शाळेची मुलं ‘यात काय भरतात?’ असं हमखास विचारायची. त्यात काही भरत नाहीत. ते विजेला जाऊ देतं आणि आवाजाच्या लहरींना अडवतं, म्हणजे त्या सबस्टेशनात सैरावैरा पसरत नाहीत. त्याच्या शेजारी कपॅसिटर उभा असतो, त्याचं काम नेमकं उलटं. तो आवाजाला खाली यंत्रापर्यंत उतरू देतो आणि विजेला वरच ठेवतो. विजेने खाली उतरायचं ठरवलं असतं तर फोनवर बोलणाऱ्याचं काय झालं असतं, याचा विचार आम्ही ड्युटीवर असताना करत नसू.

अर्थात तारेवर बसून गेलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. पावसाळी रात्री तारांभोवती करोना चरचरायचा. हा तो करोना नव्हे, उच्च दाबाच्या तारेभोवतालची हवा फुटते तो. ती चरचर फोनात उतरायची. मग ऑपरेटर एकेक आकडा तीनतीनदा ओरडून सांगायचे. त्यामुळे सबस्टेशनच्या लोकांचा घरातलाही आवाज मोठा असतो अशी तक्रार आहे, आणि ती माझ्या बाबतीत अजून मागे घेतली गेलेली नाही.

तर भाच्याला मी फक्त ‘बरं, आण’ एवढंच म्हणालो.

अडॅप्टर आले. खोक्यावर मोठा आकडा होता. अशा आकड्यांबद्दल एक लक्षात ठेवावं की तो प्रयोगशाळेतल्या सरळ तारेवरचा, कच्चा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या वाहतुकीने आपसात वाटून घ्यायचा असतो. हापूसच्या पेटीवरच्या चित्रावरून आतल्या फळांचा हिशोब कुणी करत नाही; इथेही करू नये. सुरुवातीला इंटरनेट मागच्या खोलीत पोचलं, आणि पोचून आजारी पडलं. सकाळी बरं असायचं, संध्याकाळी धापा टाकायचं. सौभाग्यवतींनी चटणीसाठी मिक्सर लावला की सूनबाईंचे साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायचे. चटणी होईपर्यंत ते तसेच.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं की बोर्डाची लाइन आणि घराची लाइन यांत मोठा फरक आहे. ती तार दोन टोकांची, लांबच लांब, शिस्तीची. वाटेत फांद्या कमी, आणि प्रत्येक टोकाला खात्याने वेव्ह ट्रॅप लावलेला. घरातली वायर ही कुणीच अशी आखलेली नसते. ती बोर्डाबोर्डाला फाटे फोडते, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना तिसऱ्या खोलीतल्या गिझरला भेटून जाते, आणि जिथे तार संपते तिथून लहरी परत फिरतात. शिवाय दर बटणागणिक तिचा नकाशा बदलतो. त्यात मिक्सरच्या मोटरमधले कार्बन ब्रश ठिणग्या उडवतात, स्वस्तातला मोबाइल चार्जर अखंड कुजबुजत असतो, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर दर हेलकाव्यात दोनदा मध्येच तोडतो, म्हणजे सेकंदाला शंभर टिचक्या. पाइपात कुठली वायर कुठून आली हे मी आमच्या वायरमनला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, ते विचारू नका. ज्याने घातली तो आता गावाला शेती करतो.’

मग एवढ्या गदारोळात चटणी नसताना तरी मीटिंग कशी चालायची? याचं उत्तर क्लॉड शॅनन या माणसाकडे जातं. १९४८ साली बेल प्रयोगशाळेत काम करताना त्याने एक निबंध लिहिला आणि त्यात एक मर्यादा काढून दाखवली. एखाद्या मार्गातून किती माहिती जाऊ शकते हे दोनच गोष्टींवर ठरतं: मार्ग किती रुंद आहे आणि गोंगाटाच्या मानाने तुमचा आवाज किती मोठा आहे. गोंगाट असला म्हणजे बोलणं अशक्य होतं असं नाही. गोंगाटातही अचूक बोलता येतं, फक्त किती बोलायचं याला हद्द आहे. हद्दीच्या आत राहून नीट रचून बोललात तर चूक हवी तितकी कमी करता येते. बोर्डात आम्ही आकडे तीनतीनदा ओरडायचो ती त्याच रचनेची गावठी आवृत्ती होती.

आता घरात ओरडता येत नाही. विजेच्या साध्या तारेवर जोर वाढवला तर तीच अँटेना होते आणि परिसरातल्या रेडिओवाल्यांच्या कानात शिरते. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, ७ आणि १४ मेगाहर्ट्झच्या आसपास देशोदेशी गप्पा मारत असतात. म्हणून अडॅप्टर त्यांच्या पट्ट्यांपुरतं मौन पाळतात. ओरडण्याऐवजी ते वेगळीच गोष्ट करतात. सुमारे २ ते २८ मेगाहर्ट्झ एवढ्या रुंदीत ते एक आवाज न पाठवता हजाराच्या आसपास बारीक आवाज एकदम पाठवतात, प्रत्येक किंचित वेगळ्या सुराचा. आणि त्याआधी दोन्ही टोकांचे अडॅप्टर प्रत्येक सूर तपासून पाहतात की हा पलीकडे कसा पोचतो.

इथे मला लग्नाची पंगत आठवते. मुरलेला वाढपी सगळ्यांच्या पानात सारखी जिलबी टाकत जात नाही. हा गडी आठ खाणार, या आजोबांना अर्धी पुरे, या मुलाला मुळीच नको कारण तो टाकून उठणार, हे तो चेहरे बघून ठरवतो आणि ओळीत पुढे सरकतो. अडॅप्टरही तेच करतात. जो सूर स्वच्छ पोचतो त्याच्या पदरात दहा बिट, जो अडखळतो त्याच्या पदरात दोन, आणि जिथे चार्जर कुजबुजतोय तिथे पान रिकामं. आणि हा आढावा सतत चालू. मिक्सर सुरू झाला की अर्धी पंगत एकदम ‘नको नको’ म्हणते. रेग्युलेटरच्या टिचक्यांवर तर यांनी फारच शहाणा तोडगा काढला आहे. त्या टिचक्या विजेच्या तालावरच पडतात, म्हणून अडॅप्टर विजेचा ५० चा ठेका धरतात आणि हेलकाव्याच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे तक्ते ठेवतात. टिचकीच्या क्षणी कमी, मधल्या शांततेत जास्त.

तार सुधारत नाही. तिच्याशी बोलणारा सुधारतो. या सगळ्या तंत्रात मला भावतं ते हे. आमच्या काळी लाइन खराब असली की आम्ही वरिष्ठांना लाइनबद्दल पत्र लिहायचो.

आमच्या खोलीचं दुखणं मात्र पंगतीने पूर्ण बरं होणारं नव्हतं. एसी घेतले तेव्हा आम्ही थ्री-फेज मीटर घेतलं होतं. हॉल एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्या फेजवर. दोन फेजच्या तारा एकत्र येतात त्या मीटरपलीकडे, म्हणजे संदेशाला घराबाहेर जाऊन वळसा घालून परत यावं लागतं; जे काही पोचत होतं ते तारा पाइपात शेजारी-शेजारी असल्याने एकीतून दुसरीत झिरपणारं. वायरमनने डीबी उघडून मागच्या खोलीचं सर्किट हॉलच्या फेजवर घेतलं. हे काम त्यालाच करू द्यावं, मी बोर्डात होतो तरी मीही त्यालाच करू दिलं. दुसरी सुधारणा फुकट झाली. भाच्याने अडॅप्टर स्पाइक बस्टरच्या पट्टीत खोचला होता. उच्च वारंवारतेचा कचरा गिळणं हे त्या पट्टीचं काम, आणि तिला इंटरनेट आणि कचरा यांतला फरक कळत नाही. अडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगात आला आणि वेग वाढला. नव्या जातीचे अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही वापरतात, एका वाटेच्या दोन होतात. आमच्या इमारतीत अर्थिंगच्या भोकामागे सगळीकडे तार आहे का, हा विषय मी सोसायटीच्या सभेत काढलेला नाही. सभा रात्री अकराच्या आत संपाव्यात, असं माझं मत आहे.

हे सगळं करताना मला त्या फोनच्या तारेचं वाईट वाटत होतं. गुणांनी पाहिलं तर घरातली ही जुनी आणि सभ्य तार. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायची कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, पेटंट १८८१ चं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि ऐकणारा दोन तारांतला फरकच ऐकत असल्यामुळे तो गोंगाट वजा होऊन जातो. एवढी चांगली तार, आणि तिच्याकडून काम घेतलं ३०० ते ३४०० हर्ट्झचं, म्हणजे ‘काय म्हणता, बरं आहे ना’ एवढंच जाण्यापुरतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी याच अरुंद पट्टीतून किंचाळत आलं. मोडेम लागलेला असताना आतल्या खोलीत कुणी फोन उचलला की सगळं तुटायचं, आणि मग घरातली बोलाचाली तारेवाचून चालायची. ब्रॉडबँड आल्यावर कळलं की त्याच तारेत वर मेगाहर्ट्झभर जागा रिकामीच पडलेली होती. भिंतीवर एक छोटा स्प्लिटर बसला, त्याने आवाजाला खाली आणि इंटरनेटला वर असं बसवलं, आणि दोघांचं जमलं. वेव्ह ट्रॅपचाच हा नातू.

घरातल्या घरात फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडायची सोयही १९९८ पासून निघाली होती. होमपीएनए म्हणत. सुरुवातीला सेकंदाला १ मेगाबिट. आपल्याकडे ती फारशी आली नाही, कारण आपल्या घरात फोनची तार एकाच कोपऱ्यात यायची आणि पॅरलल कनेक्शन घेणारा माणूस जरा बडा समजला जायचा.

केबलची तार तर राजवंशी. मधोमध तांबं, भोवती फोम, त्याभोवती जाळीचं चिलखत. ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रजाने १८८० साली हिची कल्पना पेटंट केली. हा एकेकाळचा तारमास्तर, कानाने अधू, कॉलेजचं तोंड न पाहिलेला, आणि तारांचं गणित मात्र त्याच्याकडून प्रोफेसरांनी शिकावं. चिलखतामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. मिक्सर कितीही किंचाळो. पण आमच्या केबलवाल्याने या राजवंशी तारेचे हाल केले. तीन टीव्हींसाठी दोन स्प्लिटर. एका स्प्लिटरला निम्मी शक्ती जाते, वर थोडा टोल. एक फाटा स्वयंपाकघरात नेऊन तसाच उघडा सोडला, ‘पुढेमागे टीव्ही घ्याल’ म्हणून. उघड्या टोकावरून लहर परत फिरते, आणि मग बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्यामागे त्यांचीच एक फिकट जुळी बहीण बातम्या देताना दिसायची. टोकाला ७५ ओहमचं चिमुकलं टोपण लावलं असतं तर बहीण माहेरी गेली असती. अमेरिकेत घरोघरी खोल्याखोल्यांत ही तार आहे, म्हणून तिथे २००४ साली मोका नावाची संघटना निघाली आणि तिच्या पद्धतीने आता सेकंदाला २.५ गिगाबिटपर्यंत मजल जाते. आपल्याकडे छत्रीची तार असली तर तीही साधारण त्याच पट्टीत बोलते, तेव्हा दोघांना एका तारेत ठेवू नये.

पण मौज अशी की विजेच्या तारेवाल्यांची एक संघटना, फोनच्या तारेवाल्यांची दुसरी, केबलवाल्यांची तिसरी. तिघांच्या भाषा वेगळ्या, चिप वेगळ्या, अध्यक्ष वेगळे. शेवटी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मध्ये पडून जी.एचएन नावाचं एकच मानक आणलं. त्याचा पायाभूत भाग २००९ मध्ये, पुढचा २०१० मध्ये मंजूर झाला. तार कुठलीही असो, बोलण्याची रीत एकच. फक्त तारेच्या स्वभावाप्रमाणे सुरांमधलं अंतर बदलायचं. विजेच्या गोंधळी तारेत सूर सुमारे २४ किलोहर्ट्झवर एकेक, फोनच्या तारेत त्याच्या दुप्पट अंतरावर आणि केबलच्या चिलखती तारेत आठपट. जिथे पडसाद रेंगाळतात तिथे सूर बारीक आणि सावकाश, जिथे लवकर विरतात तिथे रुंद आणि झपाझप. हे मला फार सुसंस्कृत वाटलं. मात्र मानकावर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत जगाने वाय-फाय घेऊन टाकलं होतं. समित्यांना उशीर होतो. सोसायटीच्या लिफ्टचा आमचा अनुभव याहून वेगळा नाही.

आमच्या घरात शेवटी काय झालं ते सांगतो. फेज बदलल्यावर आणि स्पाइक बस्टर सोडल्यावर अडॅप्टरवर मालिका आणि क्रिकेट उत्तम चालू लागलं. मीटिंग बहुतेक चालायची, पण ‘बहुतेक’ हा शब्द सूनबाईंच्या कंपनीला मान्य नव्हता, आणि चटणी बंद करायचा प्रस्ताव मांडण्याची कुणाची छाती नव्हती. तेव्हा वायरमनलाच सुचलं. नव्वदच्या दशकातल्या रंगकामात हॉल ते मागची खोली अशी केबलची तार आम्ही वेगळ्या पाइपातून भिंतीत घालून घेतली होती. ती मेलेली तार अजून आत होती. ‘काका, हिलाच बांधून ओढतो ना नवी,’ तो म्हणाला. त्याने जुन्या तारेच्या एका टोकाला लॅनची वायर बांधली, वर चिकटपट्टी गुंडाळली, साबणाचं बोट फिरवलं आणि पलीकडच्या खोलीतून हळूहळू जुनी तार ओढायला घेतली. जितकी जुनी बाहेर आली तितकी नवी आत गेली. ‘लागेल कधीतरी’ वाल्यांच्या आयुष्यात असे विजयाचे क्षण थोडे येतात, तेव्हा मी तो चहासह साजरा केला. वायरमनला पोहेही मिळाले.

लॅनची वायर म्हणजे बेलच्या पिळाचे चार जोड एका सालीत, आणि प्रत्येक जोडाचा पीळ कमीजास्त ठेवलेला, म्हणजे शेजारच्या जोडाचं बोलणं याच्या कानावर पडू नये. आमच्या जिन्यालाही असं काही करता आलं असतं तर बरं झालं असतं. टोकाला आठ तारांची रंगांची ओळ असते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. भाच्याने ती पाढ्यासारखी म्हणत क्रिंपिंग केलं. पहिल्यांदा वेग १००० ऐवजी १०० वरच अडला. गिगाबिटला चारही जोड लागतात, शंभरला दोन पुरतात, आणि एक तार नीट दबली नव्हती. टोक कापून पुन्हा बसवलं, झालं. मीटिंगमध्ये आता आवाज येतोय का असं कुणी विचारत नाही. सूनबाई म्हणतात, त्याचा एक तोटा आहे: आता कॅमेरा बंद ठेवायला नेटवर्कचं कारण देता येत नाही.

अडॅप्टर फेकले नाहीत, हे सांगायला नको. ते स्वयंपाकघरातल्या टीव्हीला लावले आहेत.

तर मंडळी, भाड्याच्या घरात असाल, भिंत फोडायची सोय नसेल, तर भिंतीतल्या जुन्या तारांना जरूर विचारून बघा. अडॅप्टर थेट प्लगात लावा, एकाच फेजवर ठेवा, केबलची उघडी टोकं बंद करा. लॅन घेताना मात्र पूर्ण तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते, ती दुकानदाराला परत द्या. आणि घर बांधत असाल, नाहीतर नव्याने प्लास्टर करत असाल, तर बिल्डरचं, आर्किटेक्टचं आणि माझंही काही ऐकू नका, फक्त एवढं करा: दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत विजेपासून वेगळा एक रिकामा पाइप टाकून घ्या, पाऊण इंचाऐवजी एक इंची, कमीत कमी वळणांचा, आणि त्यात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढची तार कसली येणार आहे हे आज कुणालाच माहीत नाही, पण ती ओढायला दोरी लागणार आहे.